मेमोइझेशन लावलं, तरी सीपीयू तेवढाच: कुठे बघायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. एखादं फंक्शन त्याच त्याच आर्ग्युमेंटने पुन्हा पुन्हा बोलावलं जातंय हे लक्षात येतं, म्हणून त्याचे निकाल साठवून ठेवायची सोय केली जाते. यालाच मेमोइझेशन म्हणतात, आणि निकाल साठवायच्या जागेला कॅश. आपल्या मशीनवर, छोट्या डेटावर सगळं झपकन होतं. खरा डेटा आला की सीपीयू परत शंभर टक्क्यांवर, आणि आता सोबतीला मेमरीही चढत राहते. मग कोणीतरी कॅशचा आकार दुप्पट करतं, थोडे दिवस बरे जातात, आणि तीच तक्रार नव्या तारखेसह परत येते.

आकार वाढवणं हा या सगळ्यातला शेवटचा उपाय. त्याआधी तपासण्यासारखं बरंच असतं. इथली उदाहरणं मुख्यतः पायथनची आहेत, कारण तिथे ही सोय एका ओळीत लागते आणि म्हणूनच फारसा विचार न करता लागते. पण सी++ असो, जावा असो की जावास्क्रिप्ट, दुखणं हेच असतं.

आधी हिट आणि मिस मोजा

कॅश उपयोगी पडतेय का, हे अंदाजाने ठरवू नका. पायथनसोबत तयार मिळणाऱ्या ‘एलआरयू कॅश’ला ‘कॅश इन्फो’ विचारलं की चार आकडे मिळतात: किती हिट (निकाल साठवलेला सापडला), किती मिस (सापडला नाही), कमाल आकार किती, आत्ता किती नोंदी आहेत. कॅश स्वतः लिहिलेली असेल तर दोन काउंटर टाकायला दोन ओळी पुरतात. मात्र हे आकडे खऱ्या डेटावर घ्या. चाचणीच्या डेटात तेच दहा-बारा ग्राहक फिरत असतात, आणि त्यावर कुठलीही कॅश हुशार दिसते.

त्याच्याही आधी प्रोफायलर, म्हणजे कुठल्या फंक्शनवर किती वेळ जातो ते मोजणारं साधन, एकदा चालवून घ्यायला हवा. ज्या फंक्शनवर एकूण वेळेतले चार टक्के जातात, ते फुकटात पडलं तरी वाचणार चारच टक्के. कोडमध्ये जे फंक्शन दिसायला अवजड, त्यालाच कॅश लावायची आणि खरा वेळ खाणारं शेजारचं स्ट्रिंग जोडणारं लूप तसंच ठेवायचं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आकडे हातात आले की तीनपैकी एक चित्र दिसतं. हिट जवळजवळ शून्य. हिट आहेत पण अपेक्षेपेक्षा फारच कमी. किंवा हिट भरपूर आहेत आणि तरीही सीपीयू खाली येत नाही. तिन्हींची मुळं वेगळी आहेत.

हिट शून्य: कॅशची की बघा

साठवलेला निकाल शोधायचा तर आर्ग्युमेंटपासून एक की बनते. दिसायला सारखे असलेले दोन कॉल या कीच्या नजरेतून सारखे नसतील, तर प्रत्येक कॉल नवा. सगळ्यात जास्त सापडणारा दोष असा की फंक्शनला निकालाशी संबंध नसलेलं काहीतरी दिलेलं असतं. आत्ताची वेळ, रिक्वेस्टचा आयडी, लॉगर, डेटाबेसचं कनेक्शन. वेळ मायक्रोसेकंदापर्यंत असेल तर दोन कॉल कधीच जुळणार नाहीत. यावर इलाज एकच: फंक्शनचे दोन भाग करा. बाहेरचा भाग लॉगिंग वगैरे सांभाळेल, आतल्या भागाला निकाल ज्यावर खरोखर अवलंबून आहे तेवढीच आर्ग्युमेंट मिळतील, आणि कॅश फक्त आतल्याला.

याच दोषाचं दुसरं रूप म्हणजे क्लासमधल्या मेथडवर कॅश लावणं. इथे जरा थांबायला हवं, कारण हिट शून्य आणि मेमरी चढती ही जोडी दिसली की मी आधी इथेच बघतो. मेथडला पहिलं आर्ग्युमेंट ‘सेल्फ’ असतं, म्हणजे तो ऑब्जेक्टच कीचा भाग होतो. क्लासमध्ये समानतेची व्याख्या वेगळी दिली नसेल तर दोन ऑब्जेक्ट आतून अगदी एकसारखे असले तरी पायथन त्यांना वेगळे मानतं. आता समजा, प्रत्येक रिक्वेस्टला ‘हिशोब’ या क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनतो आणि त्याच्यावर ‘कर_काढा’ बोलावलं जातं. रक्कम तीच, दर तोच, पण ऑब्जेक्ट नवा, म्हणून मिस. शिवाय कॅशने तो ऑब्जेक्ट धरून ठेवला आहे, त्यामुळे रिक्वेस्ट संपली तरी तो मेमरीतून जात नाही, आणि त्याच्या आत लोंबकळणारा सगळा डेटाही जात नाही. आकाराला मर्यादा नसेल तर हे ढीग वाढतच राहतात. हिशोबाचा भाग क्लासबाहेरच्या साध्या फंक्शनमध्ये काढला आणि त्याला रक्कम व दर एवढंच दिलं, की दोन्ही तक्रारी एकदम मिटतात. एका ऑब्जेक्टपुरती, एकदाच काढायची किंमत असेल तर ‘कॅश्ड प्रॉपर्टी’ बरी. ती पायथन ३.८ पासून आहे आणि किंमत त्या ऑब्जेक्टमध्येच ठेवते.

जावामध्ये हाच प्रकार ‘इक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ न लिहिलेल्या क्लासला की केल्यावर होतो. जावास्क्रिप्टमध्ये मॅपला ऑब्जेक्ट की म्हणून दिला तर तुलना ओळखीवर होते, मजकुरावर नाही. तिथे बरेच जण आर्ग्युमेंटचं जेसन करून ती स्ट्रिंग की म्हणून वापरतात. हिट वाढतात, पण मोठा ऑब्जेक्ट असेल तर जेसन करण्याचाच खर्च मूळ फंक्शनच्या वर जातो. शिवाय गुणधर्मांचा क्रम बदलला की स्ट्रिंगही बदलते.

दशांश संख्यांचं वेगळं प्रकरण. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मशीनमध्ये ०.३ होत नाही, त्यापेक्षा किंचित जास्त होते (सतराव्या दशांश स्थानी ४). म्हणजे एकाच कोनासाठी, वेगळ्या वाटेने आलेल्या दोन किमती दोन वेगळ्या कीज होतात. आधी राउंड करून मग शोधलं तर हिट मिळतात, पण मग निकालही किंचित बदलतो. तो बदल चालणार आहे का, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. ज्याला तो आकडा वापरायचा आहे त्याला विचारावं. सी++ मध्ये हॅश टेबलला (कीवरून नोंद शोधायची रचना) डबल (दशांश संख्येचा प्रकार) ही की असेल आणि आकड्याऐवजी ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) आला, तर तो स्वतःशीही समान नसतो. अशी नोंद कधीच सापडत नाही. उलट जितक्या वेळा येईल तितकी नवी नोंद पडते.

घरी लिहिलेल्या कॅशमधला एक छुपा दोष इथेच सांगून टाकतो. डिक्शनरीतून किंमत काढायची आणि ‘किंमत खरी असेल तर परत दे, नाहीतर काढ’ असं लिहायचं. निकाल शून्य, रिकामी यादी, ‘नन’ किंवा ‘फॉल्स’ असेल तर ही अट फसते आणि साठवलेला निकाल असूनही फंक्शन परत चालतं. ‘हा शब्द यादीत आहे का’ अशा फंक्शनचं बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी असतं, म्हणजे बहुतेक कॉल फुकट जातात. नोंद आहे का हे विचारा, नोंद खरी आहे का हे नाही. आणि हो, एलआरयू कॅश एक्सेप्शन साठवत नाही. चुकीच्या इनपुटवर दरवेळी दोन सेकंद खर्चून एरर देणारं फंक्शन दरवेळी दोन सेकंदच घेईल.

रिकर्शनमध्ये फसवणारा सापळा

रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं. तिथे फिबोनाची (प्रत्येक संख्या म्हणजे मागच्या दोन संख्यांची बेरीज) हे उदाहरण सगळीकडे दिलं जातं, कारण फरक डोळ्यांत भरतो. साध्या रिकर्शनने चाळिसावी संख्या काढायला ३३,११,६०,२८१ कॉल लागतात. निकाल साठवले तर वेगळी आर्ग्युमेंट जेमतेम ४१. पण मूळ फंक्शन तसंच ठेवून त्याची कॅशवाली आवृत्ती दुसऱ्या नावाने बनवली, उदाहरणार्थ ‘जलद_फिब’, तर बाहेरचा कॉल कॅशमधून जातो आणि आतले सगळे कॉल जुन्याच नावाकडे. पहिल्या वेळी तेच तेहतीस कोटी. दुसऱ्यांदा बोलावलं की मात्र उत्तर क्षणात येतं, आणि डेमो दाखवणारा नेमका दुसऱ्यांदा बोलावतो. कॅश त्याच नावावर बसायला हवी. डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावर लिहायची ओळ) वापरला तर ते आपोआप होतं.

त्यातही पाच हजारावी संख्या थेट मागितली तर पायथनची रिकर्शनची मर्यादा, जी सहसा १००० असते, आडवी येते. तिथे खालून वर जाणारं लूप लिहावं. दोनच मागच्या किमती लागतात, कॅशची गरजच नाही.

हिट आहेत पण कमी: १२९ ची गंमत

पायथनमध्ये आकार न सांगता एलआरयू कॅश लावली तर १२८ नोंदी राहतात. जागा भरली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद बाहेर. आता असं लूप घ्या, जे, समजा, वस्तूंच्या १२९ वेगवेगळ्या कोडवरून क्रमाने फिरतं आणि हा फेरा १०० वेळा होतो. पहिल्या फेऱ्यात १२९ वा कोड आला की पहिला बाहेर पडतो. दुसरा फेरा पहिल्या कोडने सुरू होतो. तो नाही, म्हणून परत काढायचा, आणि त्याला जागा करायला दुसरा बाहेर. पुढचा मागितला जाणार तो दुसराच. शेवटी कॅश इन्फो सांगतो: हिट ०, मिस १२,९००, कमाल आकार १२८, नोंदी १२८. कॅश पूर्ण भरलेली, आणि एकदाही उपयोगी पडलेली नाही. १२८ कोड असते तर मिस फक्त १२८ झाले असते.

म्हणूनच ही तक्रार ‘अचानक’ येते. डेटा एका नोंदीने वाढतो आणि वेग कड्यावरून पडावा तसा पडतो. आकार दोनशे केला की बरं वाटतं, दोनशे एकावा कोड येईपर्यंत.

एकूण वेगळ्या कीज मर्यादित असतील, हे नक्की माहीत असेल, तर मर्यादाच काढून टाका. मग कोणाला बाहेर काढायचं याचा हिशोब ठेवायचा खर्चही वाचतो. पायथन ३.९ पासून यासाठी नुसता ‘कॅश’ नावाचा डेकोरेटर आहे. पण कीज वाढत्या असतील तर त्याआधी लूपचा क्रम बघा. बाहेरचं आणि आतलं लूप यांची अदलाबदल करता आली, किंवा इनपुट त्या आर्ग्युमेंटनुसार सॉर्ट करून घेता आलं, तर सारखे कॉल एकामागे एक येतात. मग शंभर काय, एक नोंद पुरते: मागचं आर्ग्युमेंट आणि मागचा निकाल. माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. लोक कॅशचा आकार, बाहेर काढण्याचं धोरण, बाहेरचा कॅश सर्व्हर यांवर तासन्‌तास बोलतात आणि सॉर्टची एक ओळ सुचत नाही.

हिट भरपूर, सीपीयू मात्र हलत नाही

इथे थोडं गणित लागतं, पण एवढंच. कॅशमध्ये शोधायला लागणारा वेळ प्रत्येक कॉलला द्यावा लागतो, हिट असो वा मिस. मिस झाला की फंक्शनचा वेळ आणि नोंद लिहिण्याचा वेळ वर. फायदा व्हायचा तर हिटचं प्रमाण एका उंबरठ्याच्या वर हवं: शोधणं अधिक लिहिणं, भागिले फंक्शन अधिक लिहिणं. समजा शोधायला २५ नॅनोसेकंद, लिहायला ३५. फंक्शन ६० नॅनोसेकंदांचं असेल तर उंबरठा ६० भागिले ९५, म्हणजे सुमारे ६३ टक्के. त्याखाली कॅशमुळे प्रोग्राम हळू होतो. तेच फंक्शन ५ मायक्रोसेकंदांचं असेल तर सव्वा टक्का हिटही पुरतात. छोट्या फंक्शनला कॅश लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि ते २५ नॅनोसेकंद हेही आशावादीच. प्रोसेसरची स्वतःचीही, हार्डवेअरमधली कॅश असते. त्यातल्या अगदी जवळच्या एल१ कॅशमधून डेटा यायला प्रोसेसरच्या घड्याळाचे चार-पाच ठोके, म्हणजे सायकल, लागतात, एल२ मधून साधारण पंधरा, एल३ मधून चाळीस ते सत्तर, आणि मुख्य मेमरीतून दोनशेच्या वर. सध्याच्या बऱ्याच एक्स८६ प्रोसेसरमध्ये एका कोअरची एल१ डेटा कॅश ३२ किंवा ४८ किलोबाइट असते. निकालांचं हॅश टेबल दोनशे मेगाबाइटचं झालं तर ते सहसा यातल्या कशातच मावत नाही. प्रत्येक शोध म्हणजे मेमरीची एक फेरी. की वेगळ्या जागी ठेवलेली असेल तर दोन. साइन किंवा लॉग काढायला काही डझन सायकल लागतात. म्हणजे निकाल ‘तयार’ असूनही तो आणण्यापेक्षा नव्याने काढणं स्वस्त. वर हे टेबल ६४-६४ बाइटच्या ओळींनी आत येताना प्रोग्रामचा बाकीचा उपयोगी डेटा बाहेर ढकलतं, त्यामुळे ज्या कोडला तुम्ही हातही लावला नाही तेसुद्धा मंदावतं.

गोंधळ वाढवणारी गोष्ट ही की मेमरीची वाट बघणारा प्रोसेसरही शंभर टक्के व्यस्त दिसतो. टास्क मॅनेजर किंवा ‘टॉप’ यांना काम करणं आणि ताटकळणं यातला फरक कळत नाही. लिनक्सवर ‘पर्फ स्टॅट’ चालवा आणि प्रत्येक सायकलला किती सूचना पार पडल्या ते बघा. कॅश लावल्यावर हा आकडा घसरला आणि कॅश-मिस वाढले, तर तुम्ही गणिताचं काम मेमरीच्या कामात बदललंय एवढंच. तिथे छोटं, ठरावीक आकाराचं टेबल घ्यावं: हॅशने ठरलेल्या एकाच जागी नोंद, दुसरी आली तर पहिलीवर लिहायचं, साखळ्या नाहीत, क्रम नाही. हिट थोडे घटतील, पण सगळं एल१ किंवा एल२ मध्ये राहील.

हा हिशोब संशोधकांनीही मांडलेला आहे. डोनाल्ड मिची यांनी १९६८ साली ‘नेचर’मधल्या लेखात निकाल लक्षात ठेवणारी फंक्शन्स सुचवली. १९९७ मध्ये अविनाश सोदानी आणि गुरिंदर सोही यांनी हीच कल्पना हार्डवेअरमध्ये, एकेका सूचनेच्या पातळीवर मांडली: त्याच इनपुटवर तीच सूचना परत आली तर निकाल बफरमधून उचलायचा. २०१५ मध्ये अर्जुन सुरेश, आंद्रे सेझनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साइन, लॉग, एक्स्पोनेन्शियल यांसारखी गणिती फंक्शन्स लिंकिंगच्या वेळी मध्येच अडवून, मूळ कोड न बदलता त्यांचे निकाल साठवून बघितले. तिथेही कळीचे प्रश्न तेच: फंक्शन किती महाग, आर्ग्युमेंट किती वेळा परत येतात. तुमच्या प्रोसेसरमधली एल१, एल२ कॅश डेटा साठवते, फंक्शनचे निकाल नाही; ‘प्रोसेसर आपोआप लक्षात ठेवेल’ या भरवशावर राहू नका.

टेबल नकोच असेल तर

पुष्कळदा कॉल परत परत होतोय कारण तो लूपच्या आत लिहिला आहे. सी मधलं जुनं उदाहरण: स्ट्रिंगमधलं प्रत्येक इंग्रजी अक्षर कॅपिटल करायचं लूप, आणि लूपच्या अटीत ‘स्ट्रलेन’. लांबी मोजायला दरवेळी शेवटपर्यंत चालावं लागतं. एक लाख अक्षरांवर हजार कोटी तपासण्या होतात. लूपच्या आत त्याच स्ट्रिंगमध्ये लिहिलं जात असल्यामुळे लांबी बदलणार नाही याची खात्री कंपायलरला देता येत नाही, म्हणून तो कॉल बाहेर काढत नाही. लांबी आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्या, संपलं.

स्वतःच्या फंक्शनबद्दल जीसीसी या कंपायलरला ‘प्युअर’ किंवा ‘कॉन्स्ट’ असं सांगता येतं, मग तो सारखे कॉल एकत्र करू शकतो. ‘कॉन्स्ट’ म्हणजे निकाल फक्त आर्ग्युमेंटवर. ‘प्युअर’ ग्लोबल मेमरी वाचू शकतं, बदलू शकत नाही. खोटं सांगितलंत तर कंपायलर विश्वास ठेवतो आणि चुकीचं उत्तर देतो.

उत्तरंच चुकायला लागली तर

कॅशने यादी किंवा डिक्शनरी परत दिली आणि घेणाऱ्याने तिच्यात भर घातली, तर पुढच्या प्रत्येकाला ती भर घातलेली यादी मिळते. ट्युपल (बदलता न येणारी यादी) द्या, नाहीतर प्रत द्या. फाइल, डेटाबेस किंवा कॉन्फिग वाचणाऱ्या फंक्शनला नुसतं मेमोइझेशन लावू नका. त्याला मुदत हवी किंवा बदल झाल्यावर कॅश पुसायची व्यवस्था हवी. पायथनमध्ये ३ आणि ३.० या एकाच कीखाली जाऊ शकतात. प्रकार वेगळे ठेवायचे असतील तर ‘टाइप्ड’ हा पर्याय चालू करावा लागतो. आणि असिंक फंक्शनवर एलआरयू कॅश लावली तर निकाल नाही, कोरूटीन (अजून पूर्ण व्हायचं असलेलं काम) साठवली जाते. दुसऱ्यांदा ‘अवेट’ केलं की रनटाइम एरर.

सर्व्हरवर गेल्यावर

आठ वर्कर प्रोसेस असतील तर आठ स्वतंत्र कॅश असतात. प्रत्येकीत तोच निकाल एकेकदा काढला जातो, मेमरी आठपट, आणि वर्कर ठरावीक रिक्वेस्टनंतर नव्याने सुरू होत असेल तर कॅश पुन्हा रिकामी. हिट कमी दिसण्यामागे कधीकधी एवढंच असतं.

थ्रेड असतील तर दोन गोष्टी. सगळे एकाच कुलपापाशी रांगेत उभे राहिले की हिट असूनही वेग नाही. आणि एखादी महाग नोंद नाही म्हणून दहा थ्रेड एकदम तीच काढायला बसू शकतात. पायथनची एलआरयू कॅश तिच्या आतली रचना सुरक्षित ठेवते, पण हे रोखत नाही. जावातल्या कन्करंट हॅशमॅपचं ‘कम्प्यूट इफ ॲब्सेंट’ हे रोखतं. मात्र त्याच्या आतून त्याच मॅपवर रिकर्शन करू नका. जावा ८ मध्ये प्रोग्राम लटकू शकतो, ९ पासून एक्सेप्शन येऊ शकतं.

बदल केल्यावर खात्री करायची रीत सोपी आहे. खऱ्या वापरातली आर्ग्युमेंट त्यांच्या मूळ क्रमाने एका फाइलमध्ये नोंदवून घ्या. क्रम महत्त्वाचा, तो बदलला तर हिटचं प्रमाण बदलतं. पायथनचा डेकोरेटर मूळ फंक्शन ‘रॅप्ड’ या नावाखाली ठेवतो. तीच फाइल आधी मूळ फंक्शनवर चालवा, मग कॅश पुसून कॅशवाल्यावर. निकाल ओळीने ओळ जुळवा आणि दोन्ही वेळा मांडा. निकालात एकही फरक आला तर फंक्शनला लपलेलं इनपुट आहे, ते आधी शोधा. वेळेत फरक नसेल तर डेकोरेटरची ती ओळ काढून टाका.